दोन अर्ज, एक सही

गुरुवार, ८ ऑगस्ट

आज आमच्या गुरुवारच्या अभ्यास मंडळात मी बोलले. ऐकायला दत्तोपंत आणि उदयसिंह. दोन वर्षं आम्ही तिघेच असतो, तरी दत्तोपंतांच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या अकरा. त्यांना एकही हलवलेली चालत नाही.

विषय माझ्या अनुवादातला. गॅरिसन आणि डग्लस. दोघांनाही अमेरिकेतली गुलामगिरी संपवायची होती. गॅरिसन गोरा, बॉस्टनमध्ये वर्तमानपत्र चालवणारा. डग्लस गुलामीतून पळून आलेला, गॅरिसनच्या सभांतून बोलायला लागलेला. दहा वर्षं एका व्यासपीठावर होते. मग देशाच्या घटनेवरून फाटलं. गॅरिसन म्हणायचा, ही घटना मालकांशी केलेला सौदा आहे, ती मानणारा पापाचा भागीदार. मत द्यायचं नाही, पद घ्यायचं नाही. एकदा चार जुलैला त्यानं भर सभेत घटनेची प्रत जाळली. डग्लसही आधी तसंच म्हणायचा. १८५१ साली त्यानं मत बदललं. घटनेत गुलाम हा शब्दच नाही. सुरुवातीला न्याय आणि स्वातंत्र्य लिहिलं आहे. तेव्हा ती गुलामीच्या विरोधातच वाचली पाहिजे, आणि वापरली पाहिजे. गॅरिसनला ही लबाडी वाटली. पुढे कित्येक वर्षं दोघांत वैर राहिलं.

"म्हणजे डग्लसमध्ये वकील होता की ओ," उदयसिंह म्हणाले.

"म्हणजे गॅरिसन सरळ माणूस होता," दत्तोपंत म्हणाले.

हसलो. उदयसिंह आठवीत दत्तोपंतांच्या वर्गात होते. आज वकिलीला तीस वर्षं झाली तरी सर बसल्याशिवाय बसत नाहीत.

बऱ्याच दिवसांनी मंडळ जिवंत वाटलं.

गुरुवार, २२ ऑगस्ट

उदयसिंहांनी आज एका मुलीला आणलं. वर्षाराणी. एकोणीस वर्षांची. गारगोटीच्या पुढचं गाव. नाव लिहीत नाही.

हकीकत अशी. गावात देवीचं देवस्थान आहे. पहाटे पायऱ्या धुणं, दिवे घासणं, आवार झाडणं ही सेवा वर्षाराणीच्या घरातल्या बाईकडे असते. पगार नाही. बदल्यात राहायचं घर आणि बावीस गुंठे, दोन्ही देवस्थानच्या नावावर. तिची आई बाळाबाई बत्तीस वर्षं हे करते आहे. आता गुडघे गेले. वडील नाहीत, भाऊ नाही. सेवा मुलीनं धरायची.

मुलीला मिरजेला नर्सिंगची जागा मिळाली आहे. तीस सप्टेंबरच्या आत हजर व्हायचं.

ती गेली तर सेवा खंडित होते. सेवा खंडित झाली की घर सोडावं लागतं. आजवर हे रिवाजानं होतं. आता पंचांनी देवस्थानची जुनी घटना दुरुस्त करायला घेतली आहे, आणि कलम चौदाच्या शेवटी तेच जोडलं आहे: सेवा खंडित झाल्यास तीस दिवसांत घर रिकामं करावं. हरकती धर्मादाय कार्यालयात चोवीस सप्टेंबरला ऐकणार आहेत.

म्हणजे काम सोपं आहे. चोवीस तारखेला घर तिच्या आईकडे राहील असं काहीतरी मिळवायचं, तीसच्या आत मुलगी मिरजेला.

"पगार का मागितला नाही कधी?" दत्तोपंतांनी विचारलं.

"देवीकडं कोण पगार मागतंय, आजोबा?"

"सर म्हण."

"तिची शाळा सुटली की ओ सर," उदयसिंह म्हणाले. मुलगी पहिल्यांदा हसली.

घटनेची झेरॉक्स आळीपाळीनं वाचली. कलम तीन, उद्देश: सर्व भक्तांस समान वागणूक मिळावी, कोणावरही जुलूम होऊ नये. कलम चौदा: सेवेकरी घराण्यांनी परंपरेप्रमाणे सेवा बजावावी. उदयसिंहांचं म्हणणं, चौदा हे तीनच्या प्रकाशात वाचायचं. जुलूम नको म्हटलंय, मग सेवा राजीखुशीचीच असणार. घटना मुलीला बांधतच नाही. दत्तोपंत म्हणाले, लिहिणाऱ्यांना काय लिहितोय ते पक्कं माहीत होतं. कलम तीन म्हणजे दाराला लावलेलं तोरण.

मला एकदम आठवलं. अमेरिकेच्या घटनेतही पळालेल्या गुलामाला गुलाम म्हटलेलं नाही. सेवेला बांधलेली व्यक्ती म्हटलं आहे. मी ते सांगितलं. इतका नेमका दुवा आयुष्यात क्वचित सापडतो.

चहा झाल्यावर मुलगी म्हणाली, "मग मिरजेला जातो न्हवं मी?"

"आठ दिवस थांब," उदयसिंह म्हणाले. "कागद करतो."

मंडळाचा नियम तीस वर्षांचा आहे. सगळ्यांची सही असल्याशिवाय कागद बाहेर जात नाही.

गुरुवार, २९ ऑगस्ट

कागद झाला नाही. पहिल्याच वाक्यावर अडलं.

उदयसिंहांचं वाक्य: देवस्थानच्या घटनेनुसार अर्जदार सेवेस बांधील नाही.

दत्तोपंतांचं वाक्य: देवस्थानची घटना अर्जदारास पिढ्यान् पिढ्या बांधते, म्हणून ती मुळातच रद्द करावी.

"सर, बांधते म्हटलं की आपणच कबूल केलं."

"खरं ते कबूल करायला माझी हरकत नाही."

"आपण तिथं खरं बोलायला चाललोय का पोरीचं घर वाचवायला?"

"काय डग्लसराव, या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या का?"

"गॅरिसनला काय ओ. बॉस्टनात बसून लिहायचं होतं."

हे उदयसिंहांनी हसत म्हटलं. दत्तोपंत हसले नाहीत. मग उदयसिंहांनी देशाच्या घटनेचं कलम तेवीस काढलं, वेठबिगारीला बंदी. दत्तोपंत म्हणाले, "तीही पाऊणशे वर्षं आहे. बत्तीस वर्षं बाळाबाई पायऱ्या धूत होती तेव्हा कुठे गेली होती?" उदयसिंह म्हणाले, "कुणी नेली नव्हती ना सर तिथपर्यंत."

मला दोन्ही पटलं. हा माझा जुना दोष. वर्गातही मी दोन्ही बाजू इतक्या चांगल्या मांडायचे की मुलं विचारायची, मॅडम, परीक्षेत काय लिहायचं?

मंगळवार, ३ सप्टेंबर

मधला मसुदा करून पाहिला. सात वेळा. बांधते असंही नको, बांधत नाही असंही नको. वाक्य उभं राहत नाही. दोन दिवस अनुवाद बंद.

गुरुवार, ५ सप्टेंबर

उदयसिंह आले नाहीत. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा. दत्तोपंतांनी त्यांच्या खुर्चीवरची उशी झटकली, पुन्हा ठेवली.

"आठवीत मी त्याला वाचायला शिकवलं," म्हणाले. "माझ्याविरुद्ध वाचायला नव्हतं शिकवलं."

घरी येऊन पुन्हा डग्लसची पत्रं चाळली. त्यालाही असंच ऐकून घ्यावं लागलं असणार.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

परवा दत्तोपंतांनी त्यांचा अर्ज स्वतः आणून दिला. दोन पानं, सुंदर अक्षर. म्हणाले, तुम्ही गावाला जाणार आहात तर मुलीची सही घेऊन या. एकमत झालं की हाच जाईल.

आज उदयसिंहांचा अर्ज त्यांच्या कारकुनानं आणून दिला. सोबत चिठ्ठी: ताई, सही आणा. सरांना मी समजावतो, मग हाच दाखल करू.

दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी ठेवले. दोन्ही चांगले आहेत. दत्तोपंतांचा मोठ्यानं वाचावासा वाटतो. उदयसिंहांचा वाचताना वाटतं, आता सुटलो.

रविवार, १५ सप्टेंबर

गावाला जाऊन आले. जाताना बिद्रीला पाऊण तास बस उभी. गारगोटीहून वडापची जीप.

देवळाशी उतरल्यावर एका गृहस्थांनी विचारलं, "पावणं कुठलं?" हे आण्णा, पंचांचे सचिव. कोल्हापूरची म्हटल्यावर त्यांनीच बाळाबाईंच्या घरापर्यंत सोडलं. वाटेत म्हणाले, "आमी काय वाईट माणसं न्हवं, बाई. घर दिलंय, जमीन दिल्या. बत्तीस वर्षांत कधी भाडं मागिटलं? देवीचं काम करायला लाज कसली?" रागीट माणूस भेटेल अशी तयारी करून गेले होते.

बाळाबाई भिंत धरून उठल्या. "बसा. च्या घ्या. गुडघं आता नावालाच हायत माझं." सकाळी पायऱ्या आता मुलगीच धुते. आई पायथ्याशी बसून दिवे घासते. बत्तीस वर्षं धुतलेल्या पायऱ्या चढून वर देवळात कधी गेलात का, असं विचारलं. म्हणाल्या, "काम खालीच असतंय की."

वर्षाराणीनं दोन्ही अर्ज पूर्ण वाचले. बोट ठेवून.

"ह्यातला कुठला जाणार?"

"एकच जाईल. ते दोघं ठरवतील."

"मग दोनवर सही कशाला?"

"परत यायला लागू नये म्हणून. जाऊन-येऊन आठ तास जातात."

"बरं," म्हणाली आणि दोन्हींवर सही केली. अक्षर फार नीट आहे. साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. दोन्हींवर.

निघताना वडापपर्यंत आली. म्हणाली, "मॅडम, समजा आई तीन वर्षं कुठं दुसरीकडं ऱ्हायली तर? टेंपोभर बी सामान न्हाय आमचं. मी शिकून आलो की खोली घेतो."

मी तिला समजावून सांगितलं. आपण होऊन घर सोडणं म्हणजे सेवा नाही तर घर नाही हे तत्त्व मान्य करणं. मग हरकत कशावर घ्यायची? तुझ्यानंतर येणाऱ्या मुलींचं काय? गॅरिसनचं उदाहरण दिलं, डग्लसचंही दिलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटतं तिला पटलं.

"तो डग्लस कसा पळाला हो?" तिनं विचारलं.

"खलाशाच्या वेशात. दुसऱ्याची कागदपत्रं घेऊन."

"कुणाला विचारून?"

वडाप आलं.

सोमवार, १६ सप्टेंबर

सकाळी दत्तोपंतांना त्यांचा अर्ज दिला. दुपारी उदयसिंहांना त्यांचा. दत्तोपंतांनी विचारलं नाही की दुसऱ्यावरही सही घेतली का. उदयसिंहांनीही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं नाही. दत्तोपंत इतके आनंदात होते की सही दोन वेळा पाहिली. मी खोटं बोलले असं नाही.

गुरुवारी दोघं भेटतील तेव्हा निघेलच.

गुरुवार, १९ सप्टेंबर

भेटले नाहीत. मंडळाऐवजी दत्तोपंतांनी बिंदू चौकात देवस्थानच्या घटनेची झेरॉक्स जाळायचं ठरवलं. मला सकाळी फोन. मी म्हटलं, याची गरज आहे का? म्हणाले, गॅरिसननं काय केलं ते तुम्हीच तर सांगितलंत.

चौघे होतो. ते, मी, त्यांचा भाचा आणि एक गृहस्थ, जे रिक्षाची वाट पाहत होते. काडेपेटी सर्दावलेली. पानवाल्याकडून लायटर आणला. कागद पेटला तसे दत्तोपंत बोलायला लागले. दहा मिनिटं बोलले. फार चांगलं बोलले. वाहतूक पोलीस येऊन म्हणाला, "आजोबा, कचरा हितं जाळू नका. आणि ती स्कूटर तुमचीच का?"

भाच्यानं व्हिडिओ काढला.

शनिवार, २१ सप्टेंबर

वर्षाराणीचा फोन. व्हिडिओ गावात पोचला. "देवीचा कागद जाळला म्हणायल्यात. कालपास्नं आमच्यासंगं कोण बोलंना. आईला दुकानात सामान देईना झालेत."

मी म्हटलं, धीर धर. तीनच दिवस.

"व्हय," म्हणाली. "पायऱ्या धुतो रोज. ते चालतंय त्यास्नी."

उदयसिंहांना फोन लावला. म्हणाले, "बघितला व्हिडिओ. आता सरांना समजावण्यात अर्थ नाही ताई, मी माझा अर्ज कालच दाखल केला."

त्याच वेळी सांगायला हवं होतं की दुसऱ्यावरही तिची सही आहे. दत्तोपंत कोर्टकचेरीची पायरी चढत नाहीत, त्यांचा अर्ज घरीच राहील, असं मनाशी म्हटलं. ते तसे कधीच चढले नाहीत. चाळीस वर्षांत नाही.

मंगळवार, २४ सप्टेंबर

दत्तोपंत चढले.

धर्मादाय कार्यालयाचा तिसरा मजला. लिफ्ट बंद. उदयसिंह आणि मी पोचलो तेव्हा ते बाकावर बसून घाम पुसत होते. हातात छत्री. अर्ज त्यांनी काल स्वतः नेऊन दिला होता. उदयसिंहांनी त्यांना पाहिलं आणि ताठ उभे राहिले. जुनी सवय.

बाळाबाईंना वर आणायला दोघांनी धरावं लागलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं आण्णा.

देवस्थानचे वकील तरुण. फार बोलावं लागलं नाही त्यांना. दोन्ही अर्ज सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे शेजारी ठेवले. "साहेब, अर्जदार एकच, सही एकच, साक्षीदारही एकच. एका अर्जात म्हणतात, घटना मला बांधत नाही. दुसऱ्यात म्हणतात, घटना मला पिढ्यान् पिढ्या बांधते. दुसऱ्याशी आम्ही पूर्ण सहमत आहोत. आमचंही तेच म्हणणं आहे."

मागे कुणीतरी हसलं. दत्तोपंत नव्हे, उदयसिंह नव्हे.

उदयसिंहांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग दत्तोपंतांनी. एकाच वेळी. गेल्या महिनाभरात दोघांनी एकत्र केलेली ही पहिली गोष्ट.

साहेबांनी मुलीला पुढे बोलावलं. चांगला माणूस वाटला. आवाज चढवला नाही.

"यातला तुमचा अर्ज कुठला?"

"दोन्हीवर सही माझीच हाय."

"वाचून केली होती?"

"व्हय."

"मग दोन्हींवर कशी केली?"

"दोन्ही बरोबर वाटली, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, यांचं नेमकं म्हणणं काय हे आधी यांनाच ठरवू द्या. एक अर्ज मागे घ्या, नीट करून आणा. पुढची तारीख दहा डिसेंबर. तोपर्यंत सध्याची पद्धत आहे तशी चालू राहील.

उदयसिंहांनी उठून सांगितलं की मुलीला तीस तारखेला हजर व्हायचं आहे. साहेब म्हणाले, "मग वकीलसाहेब, तुम्ही एकच अर्ज आणायला हवा होता."

खाली येताना दोघे जिन्यातच भांडले. कुणी न सांगता दाखल केला. कुणी आधी केला. माझं नाव दोघांनीही घेतलं नाही. त्याचा त्रास जास्त झाला.

"मॅडम, गारगोटीला शेवटची गाडी कितीला?" वर्षाराणीनं विचारलं. मला माहीत नव्हतं.

आण्णांनी जीपचं दार उघडलं. "बसा की बाळाबाई. एकाच गावाला जायाचं, एस्टीला कशाला पैसं घालतासा?"

त्यांच्याच जीपमधून दोघी परत गेल्या.

बुधवार, २५ सप्टेंबर

काही नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

मागची खोली उघडली. सतराशेच्या आसपास पुस्तकं, दोन कपाटं, आईची पलंगपेटी. एक माणूस मावेल. पण पुस्तकं हलवायला चार दिवस तरी लागतील, आणि हलवून ठेवायची कुठे? शिवाय दहा डिसेंबरची सुनावणी आहे. मध्येच घर सोडलं तर सेवा खंडित झाली असं धरतील आणि अर्जच पडेल. उदयसिंहांना विचारावंसं वाटलं. सध्या ते फोन घेत नाहीत.

खोली लावून घेतली.

सोमवार, ३० सप्टेंबर

मिरजेच्या कॉलेजला फोन केला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी एक बाई बोलल्या. मी सगळं सांगितलं. सुनावणी, कलम चौदा, गुडघे. मध्ये त्या म्हणाल्या, "मॅडम, मुलगी येणार आहे का नाही तेवढं सांगा. प्रतीक्षा यादीतली मुलगी बाहेर बाकावर बसलीय. तिची आई सकाळपासून उपाशी आहे."

मी म्हटलं, पाच वाजेपर्यंत थांबाल का?

वर्षाराणीला फोन लावला. तिनं उचलला. मागे पाण्याचा आवाज. घर जाऊ दे, तू निघ, असं म्हणायचं होतं का? ते म्हणण्याचा अधिकार मला आहे का? की माझ्या खोलीचं सांगायचं होतं?

"मॅडम, बोला की."

"तू कशी आहेस?"

"बरी हाय."

पाच वाजता कॉलेजला पुन्हा फोन केला नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आज घट बसले. दुपारी दत्तोपंतांचा फोन, मंडळाला या. मी जाणार नव्हते.

उदयसिंह आधीच आलेले. भडंगाचा पुडा उघडलेला. दोघे एका कागदावर वाकले होते. मला पाहून दत्तोपंत लहान मुलासारखे म्हणाले, "सुटलं. सुटलं बघा, अवंतिकाबाई."

सुटलं ते असं. अर्जात दोन्ही म्हणणी एकाखाली एक घालता येतात. मुख्य म्हणणं, घटना बांधत नाही. आणि पर्यायानं, बांधते असं कुणाला वाटलंच तर ती घटना रद्द करावी. दोन परिच्छेद. मध्ये एक शब्द, पर्यायाने.

"हे करता येतं?" मी विचारलं.

"रोज करतो की आम्ही," उदयसिंह म्हणाले. "प्रत्येक दाव्यात असतं."

"मग ऑगस्टमध्ये का बोलला नाहीस?" दत्तोपंत म्हणाले.

"तुम्ही मला लबाड म्हटला सर."

"लबाड म्हणालो नव्हतो. डग्लस म्हणालो."

"एकच की ओ."

दोघे हसले. दत्तोपंतांनी उदयसिंहांच्या पाठीवर थाप मारली. चार आठवडे त्यांना नीट झोप नव्हती, असं त्यांच्या भाच्यानं मला स्वयंपाकघरात सांगितलं. मलाही बरं वाटलं. वाटायला नको होतं. पण वाटलं.

मुलीची मिरजेची जागा गेल्याचं मी सांगितलं. उदयसिंह म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल की. वय बसतंय तिचं. दत्तोपंत म्हणाले, तोवर कलम चौदाच राहणार नाही.

अर्ज मी घरी आणला. पुन्हा वाचला. खरोखर निर्दोष आहे. तिघांच्या सह्या झाल्या. मुलीची तेवढी राहिली.

रविवार, २० ऑक्टोबर

नवरात्र, दसरा होईपर्यंत थांबले. काल रात्री गारगोटीत एका जुन्या विद्यार्थिनीकडे राहिले, पहाटे पहिल्या वडापनं गावात. सात वाजायचे होते.

देवळाच्या पायऱ्या एकूण एकेचाळीस. वर्षाराणी मधल्या टप्प्यावर होती. पदर खोचलेला, हातात खराटा, शेजारी दोन बादल्या. आता साडी नेसते. सेवेला साडीच लागते म्हणे. बाळाबाई घराच्या उंबऱ्यात उन्हाला बसलेल्या. मला पाहून त्यांनी हात वर केला. आण्णा वरून दर्शन घेऊन उतरत होते. त्यांनीही हात जोडले. गाव पुन्हा बोलायला लागलं आहे त्यांच्याशी.

मी खालच्या पायरीवर उभी राहून तिला सांगितलं. दोघांचं एकमत झालं. एकच अर्ज आहे. त्यात दोन्ही आहे. दहा डिसेंबरला काही अडचण येणार नाही. पर्यायानं म्हणजे काय, तेही समजावून सांगितलं.

तिनं खराटा थांबवला नाही. एक पायरी झाडून झाली, दुसरीवर आली.

"सही कुठं करायची?"

"दुसऱ्या पानावर. खाली."

"आईची घ्या. मला हातातलं टाकता येत न्हाय. तिला आता येळ हाय."

"अर्जदार तू आहेस."

"आता सेवा माझी हाय, मॅडम. मीच कसं म्हणू बांधत न्हाय म्हणून? रोज धुतो की." आवाजात राग नव्हता. मला राग हवा होता. "साहेबानं परत विचारलं तर काय सांगू? तुमीच सांगा."

मी अर्जाचं पहिलं पान उलटलं. तिथं उत्तर असणार, असं मला खरंच वाटत होतं.

ती दोन पायऱ्या खाली उतरली. बादली उचलली.

"मॅडम, जरा पाय उचला. पाणी सोडतो."

मी बाजूच्या कट्ट्यावर चढले. पाणी आलं आणि मी उभी होते ती पायरी धुऊन गेलं. कागद भिजू नये म्हणून मी तो वर धरला.